दुधाची पावती आणि मस्तानीचा ग्लास

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात पहाटे साडेपाचला दूध संकलन केंद्राचं शटर वर जायचं. बाबा किटली घेऊन रांगेत उभे राहायचे आणि मी त्यांच्या मागे, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेऊन. केंद्रावरचा माणूस प्रत्येकाच्या किटलीत लॅक्टोमीटर सोडायचा आणि डिग्री वाचायचा. मग फॅटसाठी दुधाचा नमुना काचेच्या नळीत जायचा, त्यात आम्ल पडायचं, नळ्या यंत्रात गरगर फिरायच्या आणि वरच्या बारीक मानेत पिवळसर स्निग्धांश गोळा व्हायचा. तो किती रेघा वर आला यावर आमच्या घरातली वह्या-पुस्तकं, औषधं, पाहुणेरावळे सगळं ठरायचं. पावतीवर लिहून यायचं, फॅट ३.५, एसएनएफ ८.५. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधात उरणारे घन पदार्थ. एखाद्या दिवशी एसएनएफ बसली नाही की दर कापला जायचा आणि बाबा घरी येईपर्यंत बोलायचे नाहीत. आता नळ्या गेल्या, यंत्र मिनिटभरात आकडे दाखवतं. पण चुलत्यांशी फोनवर बोलताना त्यांचा पहिला विषय अजूनही तोच असतो, "आज फॅट किती लागली."

गेली बावीस वर्षं मी पुण्यात राहते. इथे तेच दूध उंच ग्लासातून माझ्यापुढे येतं. मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेला घट्ट शेक, म्हणून येतं, सीताफळ शेक म्हणून येतं, चॉकलेट थिकशेक म्हणून येतं. ग्लासाची किंमत शंभराच्या पुढे गेली आहे. आणि गावात ज्या दुधाचा दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा कुणी सोडत नाही, त्याच दुधाबद्दल इथे आम्ही सगळे मिळून एवढंच म्हणतो, "मस्त होता." फार तर, "मागच्या वेळी जास्त घट्ट होता."

माझं म्हणणं असं की हॉटेलांबद्दल मत देण्याची आपली सवय वाढली, पण मत देण्याचं काम आपण सोडून दिलं. आपण तारे देतो. ग्लासात काय होतं, हे विचारत नाही, सांगत नाही, आणि विचारणं हा आपला हक्क आहे हेही विसरलो. हे केवळ चवीचं प्रकरण असतं तर मी लिहायला बसले नसते. यात गावाकडच्या गोठ्याचा आणि गल्लीतल्या छोट्या दुकानदाराचा, दोघांचाही जीव अडकलेला आहे.

पुणेकर मस्तानीवर किती प्रेमाने भांडतात ते मी बावीस वर्षं ऐकते आहे. कुठल्या दुकानाची, सुजाताची की कावरेंची की गुजरांची, इथून सुरुवात होते. मग आइस्क्रीमचा गोळा वर हवा की आत घुसळलेला, आंब्याची चांगली की अंजिराची, चमच्याने खायची की आधी कडेने प्यायची. नावाच्या उगमाबद्दल तर प्रत्येकाकडे आपली हकीकत असते. हे भांडण मला मनापासून आवडतं. ज्या शहरात माणसं एका ग्लासावरून अर्धा तास बोलू शकतात, ते शहर आपल्या खाण्यावर लक्ष ठेवून असतं. मिसळीचंही तसंच. दादरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या ऑफिसात आठवडाभर वाद चालला होता. ठाण्याची सहकारी मामलेदारच्या बाजूने, नाशिकचा मुलगा आपल्या गावच्या काळ्या रश्श्याच्या बाजूने, आणि कोल्हापूरच्या साहेबांनी तर लंडनवाल्यांनी खरा कट कधी चाखलाच नाही असं जाहीर करून टाकलं.

पण मिसळ आणि मिल्कशेक यांत एक मोठा फरक आहे आणि त्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. मिसळ स्वतः बोलते. फरसाण शिळं असेल तर खवट लागतं, मटकी उतरली असेल तर आंबूस वास येतो, मसाला कच्चा राहिला तर पहिल्याच घासाला घशाशी लागतो. मालकाला लपवायला जागा नसते. शेकचं तसं नाही. जीभ गार पडली की तिला गोडी कमी कळते. म्हणून थंड पदार्थात साखर भरपूर घालावी लागते, आणि एवढी साखर व एवढा गारवा एकत्र आले की बाकीचं सगळं त्याखाली दडतं. फळ ताजं की डब्यातला गर, गर की नुसता अर्क आणि रंग, दूध सहा टक्के स्निग्धांशाचं फुल क्रीम की तीन टक्क्यांचं टोन्ड की दीड टक्क्याचं डबल टोन्ड, हे घट्टपणा आणणाऱ्या पावडरींच्या मागे ओळखू येत नाही. घरी केलेलं केळ्याचं शिकरण आठवून पाहा. त्यात केळं, दूध, चिमूटभर वेलची, जरा साखर. दूध पाणचट असलं तर वाटी तोंडाला लावताच कळतं. बर्फासारख्या थंड ग्लासात ते कळत नाही. म्हणून मिल्कशेकबद्दल जिभेच्या भरवशावर मत देणं पुरेसं नाही. विचारावंच लागतं.

वरचा गोळा तर आणखी वेगळा प्रश्न आहे. आपल्या कायद्यात साधं आइस्क्रीम म्हणजे ज्यात किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश आहे ते. वनस्पती तेलापासून केलेल्या तशाच दिसणाऱ्या पदार्थाला फ्रोझन डेझर्ट म्हणावं लागतं आणि डब्यावर तसं छापावं लागतं. या फरकावरून २०१७ साली देशातल्या दोन बलाढ्य कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात समोरासमोर उभ्या राहिल्या. अमूलच्या जाहिरातीने आमच्या मालाची बदनामी होते अशी हिंदुस्तान युनिलिव्हरची तक्रार होती आणि न्यायालयाने ती जाहिरात थांबवायला लावली. मला त्या निकालावर काही म्हणायचं नाही. वनस्पती तेलाचा गोळा विष नाही, कायदेशीर आहे, स्वस्त पडतो, आणि ज्याला तो खायचाय त्याने खुशाल खावा. माझा मुद्दा पुढचा आहे. डब्यावर जे छापणं सक्तीचं आहे, ते डबा उघडून गोळा ग्लासात पडला की नाहीसं होतं. मेनूकार्डवर लिहिलेलं असतं 'आइस्क्रीम'. ग्राहक म्हणून आपल्याला जी माहिती मिळण्यासाठी नियम केले, ती काउंटरच्या पलीकडेच राहते.

गावात दूध घालणाऱ्या माणसाला हे कसं दिसत असेल याचा विचार करा. जुलै २०१८ मध्ये दुधाच्या दरासाठी महाराष्ट्रात आंदोलन झालं, रस्त्यावर दूध ओतलं गेलं. 'एवढं दूध वाया घालवायचं का' असं शहरात तेव्हा पुष्कळ जण म्हणाले. मलाही ते बघवलं नव्हतं. पण शहरातल्या ज्या ग्लासाला आपण दूध समजून पैसे मोजतो त्यात दूध किती, हे आपण कधी विचारलंच नाही, तर दुधाला भाव मिळावा असं म्हणण्यात तरी काय जोर उरतो? दुधाच्या जागी पाणी आणि पावडर बसली, दुधाच्या सायीच्या जागी तेल बसलं, तरी आपले पाच तारे तसेच राहतात. आपल्या मताने चांगल्या दुधाची मागणी वाढत नाही.

आता ताऱ्यांकडे येते.

२००८ साली दिल्लीत दोन तरुणांनी ऑफिसातल्या लोकांच्या सोयीसाठी हॉटेलांची मेनूकार्डं स्कॅन करून इंटरनेटवर टाकली, त्यातून पुढे झोमॅटो उभं राहिलं. सोय मोठी होती, आजही आहे. पण त्याबरोबर प्रत्येक हॉटेलाच्या माथ्यावर एक आकडा आला. ४.१, ३.८, ४.४. हा आकडा किती जड असतो याचा अभ्यास झाला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लूका यांनी सिॲटलमधली उपाहारगृहं तपासली, तेव्हा दिसलं की येल्प या परीक्षणांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. आणि हा परिणाम स्वतंत्र, एकट्या चालणाऱ्या हॉटेलांवर होतो. साखळी हॉटेलांवर होत नाही, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. अमेरिकेतला अभ्यास आहे, पण आपल्या गल्लीतल्या दुकानालाही ही गोष्ट लागू पडावी असं मला वाटतं. शंभर शाखांच्या कंपनीला माझ्या एका ताऱ्याने ओरखडाही उमटत नाही. नवरा-बायको मिळून चालवत असलेल्या टपरीवजा शेकच्या दुकानाचा मात्र त्याने महिना बिघडू शकतो.

आणि हा आकडा खरा असतोच असंही नाही. २०१७ मध्ये लंडनच्या डलिच भागातली एक बागेतली शेड, जिथे हॉटेल नव्हतंच, खोट्या परीक्षणांच्या जोरावर ट्रिपअॅडव्हायझरच्या लंडनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली होती. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. लिहिणारा खरा आहे का हे तपासा, पैसे देऊन लिहून घेतलेलं छापू नका, अशा अपेक्षा त्यात आहेत. आणलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. माझ्या मते असं मानक ऐच्छिक असण्यात अर्थ नाही, ते बंधनकारक व्हायला हवं. पण सगळी परीक्षणं खऱ्या माणसांची झाली तरी माझी मूळ तक्रार उरतेच, कारण खरी माणसंसुद्धा काही सांगत नाहीत. 'ऑसम', 'यम्मी', 'नॉट वर्थ इट'. ज्या भाषेत पाणचट, मिळमिळीत, गोडमिट्टाक, करपट, खवट, आंबूस, कच्चट, तुरट, कुबट असे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा दोष वेगळा आहे, त्या भाषेतली माणसं चांगल्या-वाईटाच्या एका पट्टीवर सगळं मोजायला लागली. 'पाणचट' म्हटलं तर दुकानदाराला कळतं की दूध बघायला हवं. 'करपट' म्हटलं तर दूध आटवताना खाली लागलं. दोन तारे म्हटल्यावर त्याने काय दुरुस्त करायचं?

इथे कुणी म्हणेल की पूर्वीच बरं होतं, कट्ट्यावर चार लोक बोलायचे, मालकाच्या कानावर जायचं. मी तसं म्हणणार नाही. माझ्या आईने आयुष्यात एकटीने हॉटेलात बसून चहा घेतला नाही. तालुक्याच्या बाजारात पाय दुखले तरी ती एसटी स्टँडच्या बाकावर बसायची. पुण्यातल्या जुन्या हॉटेलांत बायकांसाठी पडद्याआडची फॅमिली रूम असायची, आणि तिथून कुणाचं मत गल्ल्यापर्यंत पोचत नव्हतं. दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवणारी हॉटेलं याच महाराष्ट्रात होती. ज्यांना आत बसूच दिलं नाही त्यांचं मत कट्ट्यावर कुठून येणार? शहरातल्या इराणी हॉटेलांचं जे कौतुक होतं त्यामागे बनमस्का आहेच, पण जातधर्म न विचारता सगळ्यांना टेबल मिळायचं हेही त्यामागे आहे. तेव्हा आज नांदेडहून शिकायला आलेली मुलगी मोबाइलवर मेस शोधते, तिथे एकट्या मुलींना नीट वागवतात का हे वाचते, आणि स्वतःही दोन ओळी लिहिते, याची किंमत मला माहीत आहे. हे तिच्या हातातून काढून घ्यावं असं मला मुळीच वाटत नाही. नाव न सांगता बोलण्याची सोयही हवी. त्याच गल्लीत रोज जायचं असतं, मालक ओळखीचा असतो, कधी दांडगा असतो. माझं मागणं एवढंच की त्या दोन ओळींत ऐवज असावा.

आणि शक्य असेल तिथे, त्या ओळी लिहिण्याआधी काउंटरवर बोलावं. हे मी शिकले ते एका अनुभवातून, आणि तो मला अजून बोचतो.

आमच्या सोसायटीजवळ शेकचं एक छोटं दुकान आहे. नाव सांगत नाही. सीताफळाच्या दिवसांत मी तिथे शेक घेतला. अगदी पाणी. सीताफळाचा गर दिसत होता, पण त्याला धरून ठेवणारं दूधच नव्हतं. अर्धा ग्लास ठेवून उठले, पैसे दिले, काही बोलले नाही. रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर एक तारा दिला आणि लिहिलं, 'पैसे वाया.' चार-पाच दिवसांनी भाजी घेऊन येताना दुकानातल्या बाईंनी हाक मारली. म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी ग्लास अर्धा ठेवलात. मला वाटलं बरं नाही की काय तुम्हाला." मी गप्प. मग त्यांनीच सांगितलं. त्यांचा नेहमीचा दूधवाला आई गेली म्हणून गावी गेला होता, म्हशीचं दूध बंद होतं, आठवडाभर दुकानातल्या टोन्ड पिशव्यांवर भागवत होत्या. "सांगायचंत ना, ताई. मी आइस्क्रीम जास्त घालून दुसरा करून दिला असता. नाहीतर पैसे घेतले नसते."

त्यांना माझा अर्धा ग्लास लक्षात होता. एक तारा कुणाचा, ते माहीत नव्हतं. तो त्यांनी पाहिला होता, हे त्यांच्या मुलाच्या बोलण्यातून पुढे कळलं. पैसे वाया म्हणजे नक्की काय आवडलं नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली म्हणे. मी घरी येऊन ते काढून टाकलं. पण त्या आठवड्यात ज्यांनी वाचलं, त्यांनी वाचलंच असणार.

फुल क्रीमच्या जागी टोन्ड म्हणजे स्निग्धांश सरळ निम्मा. म्हशीच्या दुधाच्या जागी तर त्याहूनही कमी. माझी जीभ खोटं बोलली नव्हती. दूध घालणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मला, 'आज दूध कोणतं आहे हो?' एवढा प्रश्न सुचला नाही, चूक ती होती. मी बाबांच्या पावतीला विसरले होते.

म्हणून आता मी विचारते. दूध कोणतं, पिशवीचं की सुटं. आंब्याची मस्तानी दिवाळीत मिळत असेल तर गर कुठला. हापूस म्हणून लिहिलं असेल तर कुठला हापूस, कारण २०१८ पासून त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या कोकणातल्या जिल्ह्यांचं आहे. वरचा गोळा आइस्क्रीमचा की फ्रोझन डेझर्टचा. सुरुवातीला वेटर गोंधळतात, एखादा मालक कपाळाला आठ्या घालतो. बहुतेक जण मात्र आनंदाने सांगतात. ज्याने चांगलं दूध घेतलेलं असतं त्याला तर ते सांगायचंच असतं, कुणी विचारत नाही हीच त्याची खंत असते.

पण सगळं ग्राहकाच्या विचारण्यावर सोडून भागणार नाही. सरकारने २०२२ पासून ज्या खाद्यसाखळ्यांच्या १० किंवा जास्त शाखा आहेत त्यांना मेनूवर उष्मांक लिहायला लावले. लहान दुकानांना यातून सूट आहे आणि ती रास्त आहे. कोपऱ्यावरच्या शेकवाल्याने प्रयोगशाळेचा खर्च कुठून करायचा? पण दूध कोणतं आणि गोळा कशाचा हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याला ते सकाळी पिशवी फोडताना माहीत असतं. लहान-मोठ्या प्रत्येक दुकानाने एवढ्या दोन गोष्टी खडूने फळ्यावर लिहाव्यात, असा साधा नियम अन्न व औषध प्रशासनाने आणावा असं मला वाटतं. बदललं की पुसून पुन्हा लिहावं. खोटं लिहिलं तर कारवाई व्हावी. २०२२ पासून बिलावर दुकानाचा १४ आकडी अन्न परवाना क्रमांक छापणं बंधनकारक आहे, तो तक्रार करताना उपयोगी पडतो. अस्वच्छता, भेसळ, नासलेला माल, असलं काही दिसलं तर तारे कमी करून थांबू नये, तो क्रमांक घालून प्रशासनाकडे तक्रार करावी. तिथे आपल्या रागाचा काही उपयोग होतो.

यावर एका ओळखीच्या हॉटेलमालकांनी मला सुनावलं होतं, "म्हशीचं दूध लिहिलं की भाव वाढवावा लागेल, मग तुम्हीच समोरच्या स्वस्तवाल्याकडे जाल." त्यांचं म्हणणं खोटं नाही. काही जण जातीलच. पण आज चांगलं दूध वापरणारा आणि पावडर घुसळणारा दोघे एकाच भावात, एकाच ताऱ्यांत उभे आहेत, आणि त्यात पावडरवाल्याचा नफा जास्त आहे. फळ्यावर लिहिलेलं असेल तर ग्राहक वीस रुपये कशाचे जास्त देतो हे त्याला दिसेल. ज्याला परवडत नाही तो टोन्ड दुधाचा शेक उघड्या डोळ्यांनी घेईल, त्यातही काही कमीपणा नाही. कमी पैशात गार गोड ग्लास मिळणं हाही आनंदच आहे, उन्हाळ्यात रिक्षावाल्या दादांना आणि कॉलेजच्या पोरांना विचारा.

त्या सीताफळाच्या दुकानात मी अजून जाते. मागच्या महिन्यात चुलते दवाखान्याच्या कामाला पुण्यात आले होते, त्यांनाही नेलं. बाईंनी दोन ग्लास पुढे ठेवले. चुलत्यांनी चमचा बाजूला सारला, कडेने एक घोट घेतला, तोंडात जरा घोळवला आणि काउंटरकडे वळून विचारलं, "म्हशीचं ना? सहाच्या वर फॅट लागत असंल." बाईंनी आतून स्टीलची किटली आणून झाकण काढून दाखवली. मग ते दोघं दूधवाल्याचं गाव, जनावरं किती, पेंडीचा भाव काय, यावर बोलत बसले.